खोली शून्यावर आणणारे सर

लॉजच्या खोलीत शिरल्या शिरल्या तुम्ही काय करता? पंखा लावता, बॅग पलंगावर टाकता, स्वतःही तिच्या शेजारी आडवे होता आणि म्हणता, चला, पोचलो एकदाचे. आमच्या सरांनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. "झालं! लागली वाट या माणसाची," असं म्हणाले असते आणि तुमच्यापासून दोन हात लांब सरकले असते.

सर स्वतः आधी खोलीत शिरायचेच नाहीत. बॅग बाहेर पॅसेजच्या फरशीवर, स्वतः दारात, आणि लॉजच्या मॅनेजरला म्हणायचे, "तुम्ही पुढे व्हा." बिचारा व्हायचा पुढे. मग सर एका खिशातून बोटभर टॉर्च काढायचे, दुसऱ्या खिशातून मुदत संपलेलं एटीएम कार्ड, आणि चादर एका झटक्यात ओढून गादीच्या कडेची शिवण कार्डाने उघडत निघायचे. उशाकडचे दोन कोपरे, पायथ्याचे दोन, पलंगाच्या फळ्यांमधल्या फटी, स्क्रूची भोकं, विजेच्या बोर्डाची कड. भिंतीवर देवाची तसबीर असेल तर ती मात्र मॅनेजरलाच उतरवायला लावायचे. हे सगळं दिवसाउजेडी. टूरची गाडीसुद्धा ते अशी धरायचे की दुपारपर्यंत खोलीवर पोचलं पाहिजे.

आणि सापडला एखादा ढेकूण, तर काय तो आनंद! हरवलेली किल्ली सापडावी तसा चेहरा. "या, या, जवळ या. हा बघा. घाबरू नका, तुमचाच आहे." मग एक पाठकोरा कागद निघायचा. त्यावर सुवाच्य अक्षरात: "खोली क्रमांक सात. प्रवासी आत येण्याआधी तपासली. गादीच्या डाव्या कोपऱ्यात ढेकूण, जिवंत, नग चार. मॅनेजरसमक्ष." खाली मॅनेजरची सही. सही झाल्याशिवाय सर त्या लॉजचं पाणीही प्यायचे नाहीत. काही सापडलं नाही तरी कागद व्हायचाच, "नग शून्य" असा.

पहिल्यांदा हा सगळा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, हा माणूस कामातून गेलाय.

आमची कंपनी साकीनाक्याच्या एका गल्लीत, खाली लेथवाला आणि वर आम्ही. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचे, विकायचे आणि गावोगाव जाऊन दुरुस्त करायचे. मी डिप्लोमा करून लागले तेव्हा दुरुस्तीच्या खात्यात सर एकटेच होते. पन्नाशी उलटलेली, बारीक अंगकाठी, कडक इस्त्रीचा शर्ट. एवढ्या कडक इस्त्रीचं कारण नंतर कळलं. "ढेकूण कशाला भितो? रॉकेलला नाही, डांबरगोळीला नाही, त्या फवाऱ्यांना तर अजिबात नाही. इस्त्रीला भितो. चटका हे एकच औषध."

काट्याच्या धंद्यात एक पद्धत आहे. कुणाच्याही काट्याला हात लावण्याआधी मालकाला समोर उभं करायचं, आपलं खात्रीचं वजन काट्यावर ठेवायचं आणि काटा किती चुकतोय ते मालकाला त्याच्याच डोळ्यांनी बघू द्यायचं. मग सही घ्यायची. नाहीतर दुसऱ्या दिवशी बोंब ठरलेली: चांगला होता हो काटा, तुमच्या माणसाने हात लावला आणि बिघडला. सही घेतली की काटा शून्यावर आणायचा आणि मगच पुढचं काम. "आधी शून्य, मग वजन," हे सर दिवसातून दहा वेळा म्हणायचे. लॉजच्या बाबतीतही तेच. "खोली आधी शून्यावर आणायची, मग आपलं वजन तिच्यात टाकायचं."

मला वाटायचं, धंद्याची सवय आहे, अंगात मुरलीय. त्याच्याखाली आणखी काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सरांच्या टूरच्या बॅगेत श्रीखंडाचे चार रिकामे डबे असायचे. पलंग भिंतीपासून वीतभर ओढायचा, चारही पायांखाली एकेक डबा, डब्यात साबणाचं पाणी. वर त्यांची स्वतःची पांढरी चादर, पांढरीच हवी, म्हणजे काळा ठिपका लगेच दिसतो. कपडे एका मोठ्या काळ्या पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर रबर, आणि ती पिशवी बाथरूमच्या खुंटीला. घरी परतल्यावरही थेट आत जायचं नाही. नाहूरला त्यांच्या बिल्डिंगमध्ये दाराबाहेर काकू कपड्यांसाठी उकळत्या पाण्याची बादली घेऊन उभ्या असायच्या. "लग्न झाल्यापासून हा माणूस टूरवरून आला की आधी मला नाही, बादलीला भेटतो," असं काकूंनी मला एकदा फोनवर सांगितलं होतं.

डास आणि ढेकूण यांत सर भेद करायचे. "डास हा उघड शत्रू. कानाशी येऊन सांगतो, चावणार आहे बरं का. ढेकूण ओळीत चावतो. एक, दोन, तीन. सरळ रेषेत तीन गांधी दिसल्या की समजायचं, हा डास नाही." ऑफिसात त्यांना मागून ढेकूणसाहेब म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. एकदा शेठनेच चुकून तोंडावर म्हटलं तर सर म्हणाले, "साहेब लावलंत ना पुढे? मग चालेल."

आणि एक गोष्ट. सर कधी टेकून बसायचे नाहीत. कुठेच. ऑफिसातला पाहुण्यांचा सोफा असो, गिऱ्हाइकाची गुबगुबीत खुर्ची असो, एसटीची सीट असो, सर आपले कडेवर, पाठ सरळ, जणू कुणी आत्ता उठ म्हणेल. प्लास्टिकचं स्टूल दिसलं की खूश. इतक्या वर्षांत त्यांची पाठ कशाला लागलेली मी पाहिली नव्हती.

आता मोबाईलवर खोलीचे फोटो बघून बुकिंग होतं. मला वाटलं होतं, आता तरी सर सुधारतील. कसले! फोटो दोन बोटांनी ताणून ताणून मोठा करायचे आणि म्हणायचे, "चादर दाखवली, पडदा दाखवला, उशीवर गुलाबाचं फूल पण ठेवलंय. शिवण दाखवली का? नाही ना? मग दाल में काला." वर लॉजला फोन करून सांगायचे, "एक काम करा, गादीचा कोपरा उलटा करून फोटो पाठवा." निम्मे लोक फोन आपटायचे. पण एका मालकाने मनावर घेतलं. सगळे लाकडी पलंग काढून लोखंडी केले, गाद्यांना चेनवाली कव्हरं घातली आणि सरांना फोन केला, "या सर, आता काढून दाखवा एक तरी." सर काम नसताना त्या गावाला जाऊन आले. "नग शून्य" असा कागद स्वतःच्या सहीने त्याला देऊन आले. म्हणे त्याने तो काउंटरवर लावलाय.

आता माझं सांगते, कारण माझ्याशिवाय सरांची खरी गोष्ट पुरी होत नाही.

माझं लग्न झालं आणि मी घाटकोपरच्या असल्फ्याला राहायला आले. वन रूम किचन, सातवा मजला. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आई म्हणते. आई मालवणकडच्या. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी रागावल्या की मालवणी बाहेर येते. लग्नाआधी मी ऑफिसातच बसून दुरुस्ती करायचे. लग्नानंतर शेठ म्हणाले, दुरुस्तीत राहायचं तर टूर करावी लागेल, नाहीतर दुसरं बघ. आईंना सुनेने गावोगाव लॉजवर राहणं पसंत नव्हतं. दोन दिवस घरात हाच विषय. शेवटी त्या म्हणाल्या, "एक टूर कर. पण कायव झाला तर परत जावचा नाय." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्याचंही तेच. म्हणजे एक टूर. ती धड झाली तर नोकरी राहिली, काही बिनसलं तर गेली. मला ती नोकरी जिवापाड हवी होती. हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला की मी मी असायचे.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मार्केट यार्डातले काटे. सर आणि मी. सरांना सात नंबर, मला शेजारची आठ. सरांनी आपल्या खोलीचा कार्यक्रम सुरू केला. मॅनेजर माझ्याकडे बघून भुवया उडवतोय, काउंटरवरचे दोन प्रवासी जिन्यात येऊन मजा बघताहेत. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! हळूच मॅनेजरला म्हटलंसुद्धा, "आमचे सर जरा तसेच आहेत." सरांनी आतून आवाज दिला, "तुझी बघितलीस का गं?"

"हो सर, बघितली. शून्य."

"कार्डाने?"

"हो सर, कार्डाने."

साफ खोटं. मी टूलची बॅग पलंगावर टाकली होती आणि तिच्या शेजारी आडवी झाले होते. अंगाला काही चावलं नाही, काटे उत्तम झाले, सही-शिक्के झाले, मी विजयी मुद्रेने घरी आले. बॅग दारामागच्या खुंटीला अडकवली. ती ऑफिसची कॅनव्हासची बॅग, एरवी सरांकडे असायची.

काही दिवसांनी आईंच्या दंडावर गांधी. मी त्यांचा दंड उजेडात धरून पाहिला. एक, दोन, तीन. सरळ रेषेत.

"डास," मी म्हटलं.

डास कसले. चार दिवसांनी आईंनी सोफ्याच्या शिवणीतून एक चिमटीत धरून बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. "हे खयसून इले गो? चाळीस वर्सां काढलंय मी मुंबैत, माझ्या घरात ढेकूण नाय." शेजारच्या वहिनींनी पॅसेजमध्ये ऐकू येईल असं म्हटलं, नवीन सून आली आणि ढेकूण आले. आईंनी त्यांना दोन शब्द सुनावले, पण माझ्याकडे बघताना त्यांचे डोळे विचारत होते. टूर आणि ढेकूण यांची बेरीज व्हायला फार वेळ लागला नसता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सरांना सगळं सांगितलं. खोटं बोलले ते पण सांगितलं.

"बॅग कुठे ठेवली होतीस?"

"पलंगावर."

"गाढव आहेस," सर म्हणाले. "रविवारी येतो. इस्त्री चांगली तापते का तुमची?"

रविवारी सकाळी नऊला सर हजर. आईंना नमस्कार केला, आपलं नाव सांगितलं, बसायला स्टूल मागितलं, आणि बसलेच नाहीत. अर्ध्या तासात आमचा सोफा सुटा होऊन जमिनीवर. नवरा पाणी उकळतोय, मी इस्त्री फिरवतेय, सर ओल्या साबणाची वडी शिवणीवर टेकवून एकेक उचलताहेत. ढेकूण साबणाला चिकटतो, हे मी तेव्हा पाहिलं. आई आधी फटकून होत्या, मग कुतूहलाने जवळ आल्या, मग स्वतः टॉर्च धरून उभ्या राहिल्या. "तुमका बरा म्हायत हां सगळा," असंही म्हणाल्या. सर रंगात आले. मध्येच त्यांचा फोन वाजला. त्यांनी नेहमीसारखा खणखणीत आवाजात उचलला, "जय भीम, बोला!"

आई एक क्षण थांबल्या. टॉर्च हलला. मग पुन्हा धरला.

शेवटी सर दारामागच्या बॅगेपाशी आले. कार्डाने हँडलचं अस्तर उचकटलं. आत पूर्ण वसाहत. अंडीसुद्धा. मोठ्या ढेकणापासून तांदळाच्या कणीएवढ्यापर्यंत.

"ही बॅग कोणाची गो?" आईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मलाही माहीत नाही. त्याआधीच सर म्हणाले, "माझी. म्हणजे ऑफिसची, पण असते माझ्याकडे. माझ्या घरून आली आहे ही. ढेकूण माझ्या घरचे."

"तुमच्या?"

"हो ताई. टूरचा काही संबंध नाही. तिथली हिची खोली मी स्वतः तपासली होती, नग शून्य. माझ्याच घरून आले. माफ करा, तुम्हाला त्रास झाला."

सरांच्या घरी ढेकूण! ज्या घरात बादलीला भेटल्याशिवाय माणूस आत जात नाही! मी सरांकडे पाहिलं. ते बॅग काळ्या पिशवीत घालून गाठ मारत होते. आणि आई "हां" म्हणाल्या. नुसतं "हां". जणू काही एक गोष्ट जुळली, आणि ती तशीच जुळणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

मी गप्प राहिले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझी टूर वाचली, माझी नोकरी वाचली. लाजही वाटली, पण हायसं आधी वाटलं.

आईंनी चहा दिला. सरांनी उभ्यानेच प्यायला. पिऊन झाल्यावर मोरीत गेले, कप विसळला, बशी विसळली आणि बाजूला पालथी घालून ठेवली. आई ओट्यापाशी उभ्या होत्या. बघत राहिल्या.

खाली पोचवायला गेले तेव्हा मी विचारलं, "सर, असं का बोललात?"

"तुझ्यावर आलं असतं तर तुझी टूर गेली असती. माझ्यावर आलं तर काय जाणार? मला सवय आहे." रिक्षा आली, सर कडेवर बसले. "आणि बघ, अंडी राहतातच कुठेतरी. पंधरा दिवसांनी फुटतात. दुसरा हात मारायलाच लागेल, विसरू नकोस."

सवय आहे, म्हणजे काय? ते मला घोळत राहिलं. आमच्या ऑफिसात स्टोअर सांभाळणारे भाऊ होते, सरांच्या आधीपासूनचे. सोमवारी जेवताना त्यांना मी सगळं सांगितलं. भाऊंनी डबा बंद केला.

"सही का घेतो तो, तुला माहितीय?" भाऊ म्हणाले. "आम्ही दोघं टूरवर होतो. जुनी गोष्ट. एकाच खोलीत, एकाच डबल गादीवर. सकाळी उठलो तर दोघांना चावलेलं. हा खाली गेला तक्रार करायला. मॅनेजरने रजिस्टर उघडलं, दोघांची आडनावं वाचली. आडनावावरून याची जात कळली त्याला. मग सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, आमच्याकडे नव्हते, कुठली कुठली लोकं येतात, बरोबर घेऊन येतात. आणि याला ती गादी डोक्यावर घेऊन रस्त्यापलीकडे टाकून यायला लावलं."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारीच उभा होतो. मला पण चावले होते ना! मला कुणी काही म्हणालं नाही." भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. "मी पण काही म्हणालो नाही. तेव्हापासून तो खोलीत पाऊल टाकायच्या आधी सही घेतो. म्हणजे पुन्हा कुणी म्हणायला नको, याने आणले."

पाठकोऱ्या कागदांवर एवढ्या वर्षांच्या सह्या, ते "प्रवासी आत येण्याआधी तपासली", ती तसबीर मॅनेजरला उतरवायला लावणं. आणि त्या माणसाने माझ्या घरात, माझ्या सासूसमोर, कुणी बोट दाखवण्याआधीच सांगितलं होतं: मी आणले. जे ऐकावं लागू नये म्हणून अर्धं आयुष्य गाद्या उलटल्या, तेच स्वतःच्या तोंडाने. आणि मी भाऊंसारखीच शेजारी उभी होते.

त्या संध्याकाळी घरी गेले, चपला काढल्या आणि दारातच म्हटलं, "आई, ढेकूण मी आणले. टूरवरून. खोली तपासली नाही, सरांना खोटं सांगितलं. त्यांच्या घरात एकही नाही. आता मला टूरवर पाठवायचं नसेल तर नका पाठवू."

नवरा टीव्ही बंद करायला उठला. आई कोकम धूत होत्या, त्या धूतच राहिल्या. मला वाटलं, झालं, संपली नोकरी. मग कोकमं निथळत ठेवून म्हणाल्या, "मगे त्यांनी कप कित्याक धुतल्यानी?"

मी काय सांगणार? त्यांनाही ते ठाऊक होतं.

"आणि मी बघीत रवलंय," आई म्हणाल्या. त्यांनी हात पदराला पुसले. "बोलव त्यांका. दुसरो हात मारूचो हा ना? आणि तुझी ती बॅग नीट धुवन ठेव. पुढच्या टूरक लागतली."

मी सरांना ऑफिसात सांगितलं तर ते भडकले. "कुणी सांगितलं होतं तुला? एवढं झकास खोटं बोललो होतो, सगळं पाण्यात घातलंस!" मग थोडं थांबून, "काय म्हणाली सासू?" मी आईंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सर काट्यावरचं वजन उगाच उचलून पुन्हा ठेवत राहिले. "येतो," म्हणाले. "पंधरा दिवस मोजून. अंडी काही आपल्यासाठी थांबत नाहीत."

आता सर निवृत्त होऊन नाहूरला असतात. दुरुस्तीचं खातं मी बघते आणि टूरही मीच करते. महिन्यातून एकदा तरी कुठल्यातरी गावी मॅनेजरला म्हणते, तुम्ही पुढे व्हा. लोक जिन्यातून बघतात. बघोत. नवीन मुली माझ्याबरोबर येतात, त्यांनाही ओशाळं वाटतं. त्यांना मी सांगते, ओशाळून घे, पण कार्ड फिरव. आमच्याकडे श्रीखंड आणलं की डबा कुणी टाकत नाही.

पण सर म्हटलं की मला तो दुसरा रविवार आठवतो.

सर आले. कडक इस्त्री, टॉर्च, कार्ड. सोफा पुन्हा सुटा केला, पुन्हा जोडला. दोन तास शिवण अन् शिवण. मग पाठकोरा कागद काढला, "खोली क्रमांक सातशे चार, नग शून्य" असं लिहिलं आणि आईंपुढे धरला. "ताई, सही."

"सही करतंय. पण आदी चाय घेवा."

आईंनी घावणे केले होते, खोबऱ्याची चटणी केली होती. सरांनी स्टूल ओढलं. खाल्लं, चहा प्यायला, आणि सवयीने कप-बशी घेऊन मोरीकडे निघाले. आई मध्ये आल्या. त्यांच्या हातातला कप अक्षरशः ओढून घेतला.

"ठेवा थयच. मी आसंय ना घरात." मग कप तसाच हातात धरून, सरांकडे सरळ बघत त्या म्हणाल्या, "त्या दिवशी धुवक दिलंय, ता चुकला माझा."

सरांचे हात रिकामे झाले होते, ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग सोफ्याकडे. मग सोफ्याजवळ गेले आणि बसले. कडेवर नाही. हळूहळू मागे सरकत पूर्ण आत बसले, आणि त्यांची पाठ टेकली. पाय सैल झाले. डोळे क्षणभर मिटले.

मग उघडून म्हणाले, "ताई, अजून अर्धा कप आहे का?"